नाताळच्या गावातलं मिसळीचं हॉटेल: दिव्यांसकट कसं बांधायचं

नाशिकच्या शरणपूर रोडच्या आमच्या घरी दरवर्षी नाताळात गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडतात. गवत, मेंढपाळ, पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक, वर चांदणी. त्या गव्हाणीभोवती हळूहळू एक गाव वसत गेलं. आधी दोन कौलारू घरं आली, मग विहीर, पिठाची गिरणी, छोटं चर्च. सहा वर्षांपूर्वी त्या गावात मी मिसळीचं हॉटेल बांधलं. तेव्हापासून येणारा प्रत्येक पाहुणा आधी गव्हाणीपुढे थांबतो आणि मग वाकून हॉटेलाच्या आत डोकावतो. लहान मुलं तर तिथून हलतच नाहीत. मोबाइलवर फोटो पाठवून 'हे कसं केलं' असं विचारणारे इतके झाले, की एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं.

दिवे लावलेलं छोटं गाव मांडायची परंपरा जुनी आहे. इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून गव्हाणी मांडली. पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावच्या मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी गव्हाणीभोवती अख्खं गाव मांडायची पद्धत रुजवली. दुसऱ्या महायुद्धाआधी जपानमध्ये बनलेली पुठ्ठ्याची घरं तिकडे विकायला जायची. घराच्या मागे एक भोक असायचं आणि झाडावरच्या माळेतला एक दिवा त्यात खुपसायचा. १९७६ साली डिपार्टमेंट ५६ या अमेरिकन कंपनीने आतून उजळणारी चिनी मातीची सहा घरं बाजारात आणली आणि उपाहारगृह, बेकरी, रेल्वे स्टेशन अशी एकेक इमारत जमवायचा छंद तिकडे घरोघरी पोचला.

ती घरं सुंदर असतात, पण त्यांच्या छपरावर बर्फ असतो. आपल्या डिसेंबरात बर्फ नाही. आपल्याकडे दव पडतं, निफाडकडे पारा एक आकडी होतो, द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटतात आणि भल्या पहाटे हॉटेलात रश्शाची वाफ दिसते. काळोख्या गल्लीत आधी उजेड दिसतो तो हॉटेलातच. म्हणून मी बर्फाळ रेस्टॉरंटची नक्कल केली नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यासारखं दुमजली, कौलारू मिसळीचं हॉटेल केलं. तुम्हाला चहाचं किंवा खानावळीचं करायचं असेल तरी कृती हीच.

नाताळाआधीचे, आगमनकाळाचे चार रविवार यासाठी पुरतात. पहिला रविवार मापाला आणि दिव्यांना, दुसरा भिंतींना, तिसरा छप्पर-रंगाला आणि चौथा आतल्या सामानाला द्यायचा.

आधी उजेड, मग भिंती

बहुतेक जण आधी घर बांधतात आणि शेवटी मागच्या भोकातून दिव्यांची माळ आत सारतात. पहिल्या वर्षी मीही तेच केलं. दिवा लावला आणि अख्ख्या भिंतीच पिवळ्या दिसायला लागल्या, कारण पुठ्ठ्यातून उजेड आरपार जातो. कोपऱ्यांच्या फटींतून उजेडाच्या रेघा बाहेर पडल्या आणि खिडकीत माळेतला दिवा टोचल्यासारखा डोळ्यांत खुपायला लागला. दिसायला तो आकाशकंदील होता. त्यात माणसं राहतात, जेवतात असं वाटतच नव्हतं.

शिवाय ती माळ थेट २३० व्होल्टची होती. तासाभराने हात लावला तर एका जोडापाशी वायर चांगलीच तापलेली. मी सातपूरला कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो. ढिल्या जोडाची ती ऊब मी ओळखतो. त्याच क्षणी प्लग काढला. तेव्हापासून दोन गोष्टी पक्क्या केल्या. पुठ्ठ्याच्या घरात घरगुती वीज न्यायची नाही, फक्त ५ व्होल्ट. आणि पेन्सिल हातात घेतल्यावर पहिली खूण दिव्यांच्या जागांची करायची.

झिरोचा बल्ब तर आत घालूच नका. नाव झिरो असलं तरी तारेचा जुना झिरो बल्ब १२ ते १५ वॉट घेतो आणि त्यातलं बहुतेक सगळं उष्णतेत जातं.

एक मोठा कागद घ्या, हॉटेलाचा उभा छेद, म्हणजे मधून कापलं तर आतले मजले दिसतील असं चित्र, काढा आणि विचारा: पहाटे साडेपाचला इथे कुठे कुठे उजेड असेल? माझं उत्तर असं होतं. खाली बसायच्या खोलीत भरपूर, उबदार. मागच्या भटारखान्यात कमी, पण हलणारा, चुलीचा. गल्ल्यावरच्या तसबिरीपाशी एक तांबडा ठिपका. पाटीवर पिवळा. वरच्या मजल्यावर एकाच खिडकीत मंद, कारण मालकाच्या घरचं कुणीतरी नुकतंच उठलंय. दुसरी खिडकी काळोखी. ती काळोखी खिडकी विसरू नका. सगळ्या खिडक्या सारख्या उजळल्या की घर दुकानातल्या खोक्यासारखं दिसतं. एक अंधारी असली की पाहणाऱ्याला वाटतं, आत कुणीतरी अजून झोपलंय.

माप

एक फूट म्हणजे पाव इंच. हे एवढं लक्षात ठेवलं की गणित संपलं. हे प्रमाण एकास अठ्ठेचाळीस होतं आणि परदेशी छंदातही ते चालतं. साडेपाच फुटी माणूस साधारण ३५ मिमीचा, सात फुटी दार ४४ मिमीचं, अडीच फुटी टेबल १६ मिमीचं, दीड फुटी बाक साडेनऊ मिमीचा. तुमच्याकडचे मेंढपाळ जर सात-आठ सेंटिमीटरचे असतील तर हॉटेल मागच्या बाजूला, थोडं उंचावर मांडा. लांबचं म्हणून ते लहान दिसतं आणि डोळ्याला खटकत नाही.

माझं हॉटेल २० सेमी रुंद, १४ सेमी खोल. खालचा मजला ६.४ सेमी, वरचा ५.७ सेमी, त्यावर साडेचार सेंटिमीटर चढाचं दोन उतारांचं छप्पर. दर्शनी बाजूला खाली १२ सेमी रुंद आणि ५ सेमी उंच मोकळा गाळा. जुन्या हॉटेलांना फळ्या-फळ्यांची दारं असायची, सकाळी सगळ्या फळ्या काढून ठेवल्या की पूर्ण दर्शन खुलं. देखाव्याला तेच हवं, कारण आतलं सगळं तिथूनच दिसणार.

काय काय लागेल

वह्या बांधायचा करडा पुठ्ठा २ मिमी जाडीचा, दोन मोठे ताव. कौलांसाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा. आइस्क्रीमच्या काड्या, आगपेटीच्या काड्या, अंड्यांचा ट्रे, बटर पेपर, पतंगाचा पिवळा कागद, काळा कार्डशीट, फेविकॉल, ॲक्रिलिक रंग. कटर नवं पातं घालूनच वापरा आणि पट्टी स्टीलचीच घ्या. थर्माकोल आणू नका. महाराष्ट्रात त्याच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे आणि तसाही तो रंग, कड, उजेड यांतलं काहीच नीट धरत नाही.

विजेचं सामान एम. जी. रोडच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं: ५ मिमीचे वॉर्म व्हाइट एलईडी चार, पिवळे चार, तांबडा एक, २२०, ३३० आणि १,००० ओहमचे रेझिस्टर (प्रवाह आवरणारे छोटे तुकडे), जोडावर चढवायची, उष्णतेने आकसणारी स्लीव्ह, दोन पिनांचा छोटा कनेक्टर. घरातला जुना ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर आणि त्याची निकामी झालेली केबल. वायरीसाठी जुन्या लॅन केबलच्या आतल्या तारा उत्तम, बारीक आणि ताठ असतात, वळवू तिथे राहतात. दिवाळीतली बॅटरीवरची एक पणतीही जपून ठेवा. तिच्यात लुकलुकणारा एलईडी असतो, आपली चूल त्यावरच पेटणार आहे.

दिव्यांची जोडणी

एलईडीचा लांब पाय धन, आखूड पाय ऋण. पाय कापले गेले असतील तर एलईडीच्या कडेला जिथे चपटं केलेलं असतं ती ऋण बाजू. एलईडीला थेट ५ व्होल्ट दिले तर तो जळतो, म्हणून प्रत्येकाच्या धन पायाला एक रेझिस्टर. पांढऱ्या एलईडीवर सुमारे ३.१ व्होल्ट पडतात, उरलेले १.९ व्होल्ट रेझिस्टरने घ्यायचे. २२० ओहम लावला तर साधारण साडेआठ मिलिअँपियर वाहतो. एलईडी २० पर्यंत सोसतो, पण निम्म्याहून कमीवर चालवला की तो थंड राहतो, वर्षानुवर्षं टिकतो आणि उजेडही डोळ्यांना सुखावतो. पिवळ्या आणि तांबड्या एलईडीवर २ व्होल्टच्या आसपास पडतात, म्हणून पिवळ्याला ३३० ओहम. तांबडा फक्त ठिपक्यासारखा हवा, त्याला १,००० ओहम. वरच्या मजल्यावरच्या पांढऱ्यालाही १,०००, की तो मंद होतो.

२२० ओहमच्या रेझिस्टरवर तांबडा, तांबडा, तपकिरी असे पट्टे असतात, ३३० वर नारिंगी, नारिंगी, तपकिरी, आणि १,००० वर तपकिरी, काळा, तांबडा.

सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावायचा मोह होतो. करू नका. समांतर जोडलेल्या पांढऱ्या आणि तांबड्या एलईडीला एकच रेझिस्टर दिला तर फक्त तांबडा पेटतो, कारण तो कमी व्होल्टवरच प्रवाह आपल्याकडे ओढून घेतो. प्रत्येकाचा आपापला रेझिस्टर, म्हणजे एक गेला तरी बाकीचे जळत राहतात आणि कुठला गेला ते लगेच कळतं.

आता पॅनेलमधली युक्ती. जमिनीच्या पुठ्ठ्याखाली, मागच्या भिंतीलगत, तांब्याच्या दोन उघड्या तारा एकमेकींपासून दोन सेंटिमीटर अंतरावर चिकटवा. एक धन, एक ऋण. आम्ही याला बसबार म्हणतो. प्रत्येक दिव्याची लाल तार धनावर, काळी ऋणावर. गुंता होत नाही आणि पुढच्या वर्षी रस्त्यावरचा दिवा वाढवायचा झाला तर सोल्डरचे दोन डाग लावले की काम झालं. डाग लावताना सोल्डरिंग आयर्न एलईडीच्या पायाला तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका. पाय चिमट्यात धरा, उष्णता चिमटा खातो. जोडावर स्लीव्ह चढवा. नुसती चिकटपट्टी दोन उन्हाळ्यांत सुटते.

यूएसबी केबल कापली की आत चार तारा दिसतील. सहसा लाल धन, काळी ऋण. हिरवी-पांढरी आखूड कापून वेगवेगळी बंद करा. तरीही मल्टिमीटरने तपासल्याशिवाय जोडू नका, स्वस्त केबलमध्ये रंग बदललेले मी पाहिले आहेत. चार्जर साध्या चौकोनी खाचेचा घ्या. दोन्ही बाजूंना सी पिन असलेली केबल कापून लावली तर चार्जर वीज सोडतच नाही. पॉवर बँकही टाळा. माझ्या हॉटेलातले आठ दिवे मिळून ६० मिलिअँपियरच्या आत घेतात. इतका कमी प्रवाह दिसला की बऱ्याच पॉवर बँका 'काम संपलं' समजून आपोआप बंद होतात.

सगळं जोडून झालं की भिंती नसताना दोन तास पेटतं ठेवा. प्रत्येक जोडाला बोट लावा. काहीही कोमट लागलं तर तो जोड पुन्हा करा.

भिंती

पुठ्ठ्यावर माप काढा. कापताना एका दमात जोर लावू नका, हलक्या हाताने चार-पाच वेळा पातं फिरवा. खिडक्यांचे कोपरे आधी टोचून घ्या आणि कोपऱ्याकडून मध्याकडे कापा, म्हणजे कड फाटत नाही.

चिकटवण्याआधी आतली बाजू रंगवायची. आधी काळा हात, वाळल्यावर त्यावर पांढरा. काळा उजेड अडवतो, पांढरा तो आत परतवतो. बाहेरूनही लगेच एक हात द्या, कारण एकाच बाजूने ओला झालेला पुठ्ठा वाकतो. भिंती जोडल्यावर आतल्या कोपऱ्यांत काळ्या कागदाच्या दुमडलेल्या पट्ट्या चिकटवा. मग खोलीतला दिवा घालवा, आत मोबाइलचा टॉर्च लावून ठेवा आणि घर गोल फिरवून बघा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि बुजवा. दहा मिनिटांचं हे काम, पण ते चुकलं तर पुढची सगळी मेहनत दिसतच नाही.

डिसेंबरात फेविकॉल उशिरा सुकतो. रात्री गॅलरीत ठेवलेली भिंत सकाळी तशीच ओली मिळते. दुपारी उन्हात, वर दोन जाड पुस्तकं ठेवून सुकवा.

वरचा मजला कायमचा चिकटवायचा नाही. खालच्या भिंतींना आतून ६.४ सेमी उंचीवर पट्ट्या लावा आणि त्यावर मजल्याची जमीन नुसती ठेवा. छपराखालीही आत बसणारी चौकट करा, डब्याच्या झाकणासारखी. वरच्या दिव्याची तार कनेक्टरवर सोडा. दिवा गेला, माणूस पडला, टेबल सुटलं तर हात आत जायला हवा.

खालच्या मजल्याचं छत पांढरं ठेवा आणि दर्शनी गाळ्याच्या आतल्या कडेला आठ मिमी खोल तुळई लावा. बसायच्या खोलीचे दोन एलईडी या तुळईच्या मागे, तोंड वर छताकडे. बाहेरून दिवा दिसत नाही, दिसतं ते उजळलेलं छत आणि खाली पसरलेला मऊ उजेड. खोली जिवंत होते ती इथे. दिवा नजरेआड असला पाहिजे, नजरेत भरायला हवं ते दिव्याने उजळलेलं.

भटारखाना मागच्या उजव्या कोपऱ्यात, मध्ये अर्धी भिंत. पिवळा एलईडी वर, लुकलुकणारा चुलीच्या तोंडात, नारिंगी कागदाच्या तुकड्याआड. पणतीतला एलईडी ३ व्होल्टच्या गोल बॅटरीवर चालतो, म्हणून इथेही २२० ओहम लावायचा.

वरच्या खिडकीला आतून बटर पेपर. माझ्या मुलीने काळ्या कागदातून केस विंचरणाऱ्या बाईची आकृती कापली आणि बटर पेपरच्या मागे चिकटवली. पारदर्शक प्लॅस्टिकच्या काचा लावणार असाल तर फेविक्विक वापरू नका, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते आणि ते पुसलं जात नाही.

जोतं, लाकूड, रंग

जुन्या नाशकातल्या घरांचं जोतं काळ्या पाषाणाचं असतं. अंड्यांचा ट्रे फाडून त्याचे ९ बाय ५ मिमीचे तुकडे करा, कोपरे नखाने जरा घासा आणि वेड्यावाकड्या जुळणीने चिकटवा. गडद करडा रंग, सुकल्यावर खूप पातळ केलेला काळा, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट करडा वरच्या वर फिरवायचा. ट्रेचा खरबरीतपणा दगडासारखाच दिसतो.

खांब आणि तुळया आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून, सज्जाचे गज आगपेटीच्या काड्यांचे. भिंतींना चुन्याचा निळसर पांढरा: पांढऱ्यात निळ्याचा अगदी थेंब. खाली फूटभर, म्हणजे पाव इंचाचा, गेरूचा तांबूस पट्टा. पोस्टर कलर नको. त्यावर पातळ रंगाचा दुसरा हात फिरवला की खालचा उठतो, ॲक्रिलिकचा उठत नाही.

कौलं

सगळ्यात जास्त आनंद मला या कामात मिळतो. नेहमीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची एक बाजू ओल्या स्पंजने पुसा, दोन मिनिटं थांबा आणि वरचा कागद अंगठ्याने गुंडाळत सोला. आतली नाली उघडी पडते. नालीची एक लाट साधारण ६ मिमीला येते, आणि आपल्या मापात मंगलोरी कौलाची रुंदी त्याच्या जवळपासच बसते. नाल्यांना आडवे छेद देत १० मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा, २३ सेमी लांब. एका उताराला चौदा लागतात. वळचणीपासून सुरुवात करून वर जायचं, प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर तीन मिमी चढवायची. आढ्यावर कागदी स्ट्रॉ अर्धी चिरून पालथी लावा.

विटकरी रंगाचे तीन वेगळे कप करा: एक लालसर, एक तपकिरी, एकात थोडा काळा. सगळ्या पट्ट्या एकाच रंगाने भरल्या तर छप्पर नवंकोरं वाटतं. मध्येच एखादं कौल गडद, उत्तरेच्या उतारावर थोडी हिरवट झाक. चार पावसाळे खाल्लेलं छप्पर असंच असतं.

पाटी काळ्या कार्डशीटची. त्यात 'मिसळ-पाव' एवढीच अक्षरं कोरा, मागे पतंगाचा पिवळा कागद, त्यामागे एक सेंटिमीटर खोल खोका आणि दोन्ही टोकांना एकमेकांकडे तोंड केलेले दोन पिवळे एलईडी. एलईडी अक्षरांमागे सरळ ठेवले तर दोनच अक्षरं उजळतात.

आतलं सामान, आणि एक ताट जवळून

ऑफिसच्या पंचिंग मशिनमधून पडणारी टिकली सुमारे ६ मिमीची असते, आपल्या मापात जवळपास फूटभराचं ताट. चॉकलेटच्या चंदेरी कागदाला पंच करा, पेनाच्या मागच्या गोल टोकाने मध्यभागी हलकेच दाबा, कड उचलली जाते. स्टीलचं ताट तयार. वाट्यांसाठी दोन मिमीचे चंदेरी मणी, निम्मे फेविकॉलमध्ये बुडवलेले. एका मण्याच्या भोकावर लाल-तपकिरी रंगाचा ठिपका आणि तो सुकल्यावर त्यावर चमकदार नेलपॉलिशचा थेंब: झाली तर्री. दुसऱ्यात पांढरा ठिपका, दही. मधल्या ढिगासाठी बारीक रवा हळदीच्या रंगात घोळवून, त्यावर रांगोळीचे दोन-चार पांढरे कण म्हणजे कांदा. पावासाठी बुचाचे दीड मिमीचे तुकडे, वरून तपकिरी. आणि नाशिकची मिसळ म्हटल्यावर पापड हवाच: पिवळसर टिश्यू पेपरची पंच केलेली टिकली, बोटांत जरा चुरगाळून ताटाच्या कडेला टेकवलेली.

हे सगळं माझ्या आईला दाखवलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "अरे, रस्सा गरम कुठे आहे? वाफ नको का?" मग चुलीवरच्या पातेल्यावर कापसाचा एकच धागा विरळ ओढून लावला. मागच्या लुकलुकत्या दिव्याने तो हलल्यासारखा दिसतो. कापूस वापरायचा तो एवढाच. छपरावर, रस्त्यावर बर्फ म्हणून कापूस पसरण्याची पद्धत आहे, पण देखाव्यात मेणबत्त्याही असतात आणि कापूस क्षणात पेटतो.

चार टेबलं. तीन टेबलांवर माणसं बसलेली. चौथं टेबल मी रिकामं ठेवतो, त्यावर दोन भरलेली ताटं. बेथलेहेममध्ये त्या रात्री योसेफ आणि मरियेला उतारशाळेत जागा मिळाली नव्हती. आमच्या गावातल्या हॉटेलात ती राखलेली आहे. हे टेबल बरोबर गाळ्यासमोर ठेवा, तुळईमागच्या उजेडाखाली.

मांडणी

हॉटेल गव्हाणीच्या शेजारी, थोडं मागे, आणि गव्हाणीकडे जरा वळवून ठेवा, म्हणजे उघड्या गाळ्यातला उजेड तिच्या वाटेवर पडेल. टेबलावर अजून एक खोका ठेवून देखावा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. वरून पाहिलं तर फक्त छप्पर दिसतं. मागे गडद निळा कागद. खोलीतली ट्यूबलाइट बंद, एखादा कोपऱ्यातला दिवा चालू. बाजूला काड्या-दोऱ्यांचा द्राक्षाचा मांडव आणि त्यात एक शेकोटी करायला जागा ठेवा. दुसऱ्या पणतीचा एलईडी तिथे लागतो, आणि बसबारवर दोन डाग लावायला जागा आधीच सोडलेली आहे. चार्जरची तार जोत्याखालून मागे काढा. मुलांचा पाय अडकणार नाही अशी ती भिंतीला टेपने धरून न्या. झोपताना स्विच बंद करायचाच.

काढून ठेवताना

६ जानेवारीला प्रकटीकरणाचा, म्हणजे ज्ञानी लोकांच्या भेटीचा सण झाला की आम्ही गाव आवरतो. छप्पर, वरचा मजला आणि खालचं घर वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत. प्रत्येकात सिलिका जेलची पुडी आणि कसरीसाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला. खोका माळ्यावर, पण पत्र्याच्या छपराखाली नको, उन्हाळ्यात तिथे फार तापतं. खोक्याच्या झाकणाला आतून जोडणीचा कागद चिकटवा: कुठल्या दिव्याला किती ओहम, लाल तार कुठे. ताटं मात्र फेकून द्यावी लागतात, कारण रव्याला पावसाळ्यात कीड लागते. ती दरवर्षी नवी होतात. चौथ्या रविवारी दुपारी माझी मुलगी आणि आई पंचिंग मशीन घेऊन बसतात.